आई-बाबांना घेऊन चिचेन इत्झा: क्रूझवरून एका दिवसात जाऊन येताना

गॅल्व्हेस्टनहून सुटणारी क्रूझ घ्यायची असं ठरलं तेव्हा चिचेन इत्झा, म्हणजे मेक्सिकोतलं प्राचीन माया लोकांचं पिरॅमिडवालं शहर, आमच्या डोक्यातही नव्हतं. ह्यूस्टनच्या घरापासून बंदर गाडीने सव्वा तासावर, विमानाची दगदग नाही, स्वयंपाकाला सुट्टी, एवढाच विचार होता. मग जहाजाच्या मार्गात कोझुमेल आणि प्रोग्रेसो ही मेक्सिकोची दोन बंदरं दिसली. प्रोग्रेसोच्या सहलींच्या यादीत सगळ्यात वर होतं ‘चिचेन इत्झा, साधारण साडेसात तास, श्रम मध्यम’. बाबा म्हणाले, “काहून नाही जायचं? इतक्या लांब आलो तर पाहूनच घेऊ.”

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघे कुरकुरणारे. आईला मधुमेह. दोघं मे महिन्यात अकोल्याहून आमच्याकडे आलेले. सोबत मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. फोटो आणि व्हिडिओ शोधले तर ढीगभर सापडले, पण भारतीय पासपोर्टवाल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन हे कसं जमवायचं हे कुणी नीट लिहिलेलं मिळेना. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात अर्थात कागदांपासून. मेक्सिकोचा नियम तसा सरळ आहे. तुमच्याकडे अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अडचण ‘मुदतीतला’ या शब्दात आहे. व्हिसा म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला स्टिकर. आमच्यासोबत येणार असलेलं एक जोडपं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतं. आय-७९७, म्हणजे अमेरिकी इमिग्रेशनचं मंजुरीपत्र हातात, पण स्टिकरची तारीख उलटून गेलेली. अमेरिकेत राहायला त्यांना काहीच अडचण नव्हती, मेक्सिकोच्या नियमात मात्र ते बसत नव्हते. त्यांनी बेत रद्द केला. तिकिटं काढण्याआधी पासपोर्ट उघडून ती तारीख बघा.

आमच्या घरात तीन प्रकार होते. मी आणि नवरा भारतीय पासपोर्ट अधिक ग्रीन कार्ड, लेक अमेरिकन पासपोर्टवर, आणि आई-बाबा बी१/बी२ या पर्यटक व्हिसावर. त्यात आईचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टात आणि नवा पासपोर्ट कोरा. क्रूझ कंपनीच्या ऑनलाइन चेक-इनमध्ये एकाच पासपोर्टाचा क्रमांक घेतात. आम्ही नव्याचा दिला आणि दोन्ही पासपोर्ट रबर लावून एकत्र ठेवले. कंपनीला फोन केला तर एका बाईंनी सांगितलं, मेक्सिकोचा व्हिसा लागेल. पुन्हा फोन केला, बराच वेळ संगीत ऐकलं, तेव्हा दुसऱ्या माणसाने सांगितलं, लागणार नाही. शेवटी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरचं नियमाचं पान छापून फायलीत ठेवलं आणि फोन करणं सोडून दिलं. फायलीत आणखी दोन गोष्टी होत्या: दोघांच्या आय-९४च्या (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद, त्यातच मुक्कामाची मुदत असते) छापील प्रती आणि परतीच्या विमान तिकिटाची प्रत. व्हिसावर प्रवेशसंख्येच्या जागी ‘एम’ (मल्टिपल, म्हणजे अनेकदा प्रवेश) आहे ना, हेही बघून घेतलं, कारण जहाज मेक्सिकोला जाऊन आलं की तुम्ही अमेरिकेत पुन्हा प्रवेश करत असता.

विम्याचं आम्ही शेवटच्या आठवड्यात वाचलं. आई-बाबांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा अमेरिकेतल्या आजारपणापुरता होता; जहाजावरचा डॉक्टर आणि मेक्सिको त्यात नव्हते. या प्रवासापुरता वेगळा विमा काढला. आईच्या साखरेचा विचार करता तो खर्च मला जड वाटला नाही.

आता सहल कोणती घ्यायची. माया अवशेष बघायला या मार्गावर तीन पर्याय निघतात. कोझुमेल बेटावरच सान हेरवासिओ आहे; छोटं ठिकाण, चालणं कमी, टॅक्सीनेही होतं. कोझुमेलहून तुलुमला जाता येतं, समुद्राकाठच्या कड्यावरचं ते फोटोतलं तुलुम. पण त्यासाठी आधी फेरीबोटीने खाडी ओलांडून प्लाया देल कार्मेनला जायचं आणि मग बसने दक्षिणेला. ती फेरीबोट हलते, आणि आमच्या आईला एसटीसुद्धा लागते. तुलुम बाद झालं. प्रोग्रेसोहून चिचेन इत्झा म्हणजे जाताना दोन तास बस, येताना दोन तास बस, आणि मध्ये जागेवर जेमतेम दोन तास. हे गणित वाचून नवऱ्याचा विरोध होता. माझं मत असं की बस म्हणजे निदान एसी आणि बसायला जागा. आई-बाबांना बसण्याचा त्रास नाही, उन्हात चालण्याचा आहे. दोन तास चालणं त्यांना झेपण्यासारखं होतं.

बाहेरच्या टूरवाल्याकडून घेतली तर सहल बरीच स्वस्त पडते. आम्ही तरी जहाजाकडूनच घेतली. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या तुम्ही गेलात तर थांबत नाही. दीडशे किलोमीटर आत जाऊन परत यायचं असताना या एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे द्यायला माझी तयारी होती. मोठ्यांना माणशी शंभर डॉलरच्या थोडं वर, लेकीला कमी. पाचजणांचे मिळून पाचशे डॉलरच्या आसपास. त्यात बस, गाइड, प्रवेश तिकीट आणि खाण्याचा डबा. मेक्सिकोने १ जुलै २०२५पासून क्रूझच्या प्रवाशांवर माणशी ५ डॉलर कर सुरू केलाय. तो जहाजाच्या बिलातल्या कर-शुल्कांत येतो, बंदरावर वेगळा भरावा लागला नाही.

१४ जुलैला, सोमवारी, दुपारी साडेबाराची वेळ घेऊन गॅल्व्हेस्टनला पोचलो. घरी केलेले पदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, हे आईला आधी सांगूनही तिने धपाटे केलेच होते. ते पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर ठेवून संपवले. पाकीटबंद चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू मात्र चालले. कागद तपासायच्या टेबलावर लेकीला आणि आम्हाला लगेच सोडलं. आई-बाबांना बाजूला उभं केलं. तिथल्या मुलीने आईचे दोन्ही पासपोर्ट चाळले, वरिष्ठाला बोलावलं, त्याने व्हिसाची तारीख बघितली, ‘एम’वर बोट ठेवलं आणि मान हलवली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आईने तेवढ्या वेळात दोनदा विचारलं, “आम्ही घरी थांबलो तर चालेल ना ग तुम्हाला?” माझ्याही पोटात गोळा आला होता, पण छापलेल्या पानाला हात लावायची वेळ आली नाही.

मंगळवार समुद्रावर गेला. त्या दिवशी सकाळीच सहलींच्या काउंटरवर जाऊन दोन गोष्टी सांगून आले: दोन डबे पूर्ण शाकाहारी हवेत, आणि बाबांना पुढची सीट. दोन्ही त्यांनी लिहून घेतलं. बसमध्ये मिळणाऱ्या डब्यात एरवी हॅम असतं, तेव्हा हे आधीच सांगितलेलं बरं. बुधवारी कोझुमेलला काही केलं नाही. समुद्रात पाय बुडवले, नारळपाणी प्यायलो, दुपारी झोपलो. दुसऱ्या दिवसासाठी पाय राखून ठेवायचे होते.

घड्याळाचा घोळ इथेच सांगते, कारण बरेच लोक यात अडकतात. जहाज गॅल्व्हेस्टनच्या वेळेवर चालतं. मेक्सिकोने २०२२मध्ये उन्हाळी वेळ बहुतेक ठिकाणी बंद केली, त्यामुळे युकातान राज्याची घड्याळं बारा महिने एकाच वेळेवर असतात. उन्हाळ्यात प्रोग्रेसोला तुमचा फोन आपोआप एक तास मागे जातो आणि जहाज मागे जात नाही. साडेचारला परत या म्हणजे तुमच्या फोनवर साडेतीनला या. कोझुमेल वेगळ्या राज्यात आहे. तिथे उन्हाळ्यात जहाजाची आणि बेटाची वेळ एकच असते, हिवाळ्यात मात्र बेट तासभर पुढे. आम्ही सगळ्यांच्या फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद केली, आणि बाबांच्या मनगटावरचं जुनं चावीचं घड्याळ प्रमाण मानलं.

१७ जुलै, गुरुवार. आठच्या सुमाराला जहाज धक्क्याला लागलं. सव्वाआठला सगळ्यांना नाट्यगृहात जमवून छातीवर क्रमांकाचे स्टिकर लावले आणि रांगेने खाली नेलं. उतरताना जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ लागतं. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवावा की सोबत न्यावा यावर लोकांची दोन मतं आहेत. मी सगळे पासपोर्ट, ग्रीन कार्डं आणि आईचा जुना पासपोर्टसुद्धा कमरेच्या पट्ट्यात घेऊन गेले. काही कारणाने जहाज चुकलंच तर विमानाने परतायला तेच लागणार, तिजोरीतले काय कामाचे.

प्रोग्रेसोचा धक्का हा स्वतःच बघण्यासारखा आहे. इथला समुद्रतळ चुनखडीचा आणि इतका उथळ, की मोठ्या जहाजाला पुरेसं पाणी मिळण्यासाठी धक्का साडेसहा किलोमीटर आत न्यावा लागलाय. मी स्थापत्य अभियंता, म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही: किनाऱ्याकडचा कमानींचा जुना भाग १९४१मध्ये पूर्ण झाला, त्याच्या काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलचे गज आहेत, आणि खाऱ्या पाण्यात इतकी दशकं टिकल्यामुळे गंज या विषयावरच्या आमच्या पुस्तकांत त्याचं नाव येतं. बसच्या खिडकीतून मी त्याचे फोटो काढत होते तेव्हा लेक म्हणाली, “आई, पिरॅमिड अजून आला नाही.” धक्का संपतो तिथून थोड्या अंतरावर चिक्शुलूब गाव आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोरांचा अंत करणारी उल्का पडली तो खड्डा याच भागाखाली गाडलेला आहे. बाहेर बघितलं तर सपाट जमीन आणि खुरटं जंगल, दुसरं काही नाही.

पावणेनऊला निघालेली बस मेरिदा शहराला वळसा घालून अकराच्या जरा आधी पोचली. वाटेत गाइडने मायांचं कॅलेंडर समजावलं आणि मग आपली जन्मतारीख माया अंकांत लिहून देणाऱ्या लॉकेटांची ऑर्डर घेतली. नको म्हटलं तर कुणी मागे लागत नाही. बसमध्ये शौचालय होतं, पण चालत्या बसमध्ये बाबांना ते जमणारं नव्हतं. त्यामुळे उतरल्याबरोबर प्रवेशद्वाराजवळच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत दहा-पंधरा मिनिटं गेली. दोन तासांच्या हिशोबात ही मिनिटंही धरून चला.

तिकिटाचे दोन भाग असतात, एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचा आणि एक राज्य सरकारचा. स्वतः गेलात तर दोन्ही भरावे लागतात. आमच्या मनगटावर गाइडने पट्ट्या बांधल्या आणि काम झालं. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना विक्रेत्यांची रांग, आणि त्यांच्याकडच्या जग्वारच्या आवाजाच्या शिट्ट्या. दर दोन मिनिटांनी कुठून तरी गुरगुर ऐकू येते. लेकीने तिथेच ठरवलं की परतताना ही घ्यायची.

मग झाडं संपतात आणि समोर एल कास्तियो. सर्पदेव कुकुल्कानचं हे पिरॅमिडसारखं मंदिर तीस मीटर उंच आहे. नऊ टप्पे, चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५. वर चढणं बरीच वर्षं बंद आहे. मला ते बरंच झालं, नाहीतर बाबांना अडवावं लागलं असतं. गाइडने जिन्यासमोर उभं राहून जोरात टाळी वाजवली. उलट आला तो टाळीचा आवाज नव्हता, पक्ष्याची चिरकी शीळ होती. एकेका पायरीवरून आवाज थोड्याथोड्या अंतराने परततो म्हणून असं होतं. मग आमच्या बसमधले चाळीसजण टाळ्या वाजवत सुटले. विषुवदिनी पायऱ्यांच्या कठड्यावर उतरणारा सावलीचा साप मार्च आणि सप्टेंबरात दिसतो, आणि तोही दुपार कलल्यावर. क्रूझवाल्यांची बस तोवर परतीच्या रस्त्याला लागलेली असते. ती आशा घेऊन जाऊ नका.

चेंडूच्या खेळाचं पटांगण मला पिरॅमिडपेक्षाही आवडलं. १६८ मीटर लांब, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आणि त्यांत खूप उंचावर बसवलेली दगडी कडी. रबराचा जड चेंडू कमरेने उडवायचा. भिंतीच्या पायथ्याशी कोरलंय त्यात एका खेळाडूचं डोकं उडवलेलं आहे आणि मानेतून रक्ताऐवजी साप निघतायत. लेकीने विचारलं, “हरला म्हणून?” गाइड म्हणाला, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि पुढे चालू लागला.

शेवटचा पाऊण तास मोकळा होता. इथे आम्ही दोन गट केले, आणि हे आधीच ठरवलेलं होतं म्हणून वेळ वाया गेला नाही. नवरा आणि लेक पवित्र सेनोटेकडे गेले. तो चुनखडी खचून झालेला प्रचंड विहिरीसारखा खड्डा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्प्सनने त्यातून गाळ उपसून सोनं, जेड आणि माणसांची हाडं काढली. दक्षिणेकडची वेधशाळा, एल काराकोल, आम्ही सोडून दिली. दोन्ही बघायला गेलात तर एकही धड बघून होत नाही.

मी आई-बाबांना घेऊन ‘हजार खांब’ म्हणतात त्या अवशेषांच्या बाजूला एका झाडाखाली बसले. आईला लाडू आणि पाणी दिलं, बाबांना इलेक्ट्रॉल. गाइडही तिथेच येऊन टेकला. तो माया आहे, घरी मायाच बोलतो. लोक विचारतात की माया नाहीसे कसे झाले, तेव्हा काय उत्तर द्यावं ते कळत नाही, असं तो हसत म्हणाला. बाबांनी मला सांगितलं, “त्याला विचार, पाऊस कसा आहे औंदा?” मी विचारलं. मग पुढची वीस मिनिटं मी फक्त दुभाषी होते.

त्याच्या वडिलांची थोडी शेती. मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात. पावसाआधी रान जाळायचं, जूनमध्ये पाऊस लागला की टोकून पेरायचं. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणारी नदी नाही, पाणी सगळं चुनखडीच्या पोटात, म्हणून पिकाचा जीव पावसावर. बाबांनी कपाशीत तूर घेतो ते सांगितलं, मृग कोरडा गेला की दुबार पेरणी कशी गळ्याशी येते ते सांगितलं. गाइडने विचारलं, पाऊस नाही आला तर तुम्ही काय करता? त्यांच्याकडे चा-चाक नावाचा विधी असतो, पावसाच्या चाकदेवासाठी. वेदी मांडतात, आणि वेदीखाली लहान मुलांना बसवून बेडकांचा आवाज काढायला लावतात. हे मी भाषांतर करून सांगितलं तशी आई एकदम म्हणाली, “अगं, धोंडी!” आमच्याकडे पाऊस लांबला की कडुनिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून पोरं दारोदार पाणी मागत फिरतात, ते मी त्याला इंग्रजीत कसंबसं समजावलं. त्याने आधी माझ्याकडे, मग बाबांकडे बघितलं आणि विचारलं, “बेडूकच?” बाबांनी दोन्ही हातांनी बेडकाचा आकार करून दाखवला.

सगळी सहल वजा केली आणि एवढंच उरलं असतं तरी माझे पैसे वसूल होते. म्हणून सांगते, मोकळ्या वेळेत सगळं बघून संपवायच्या मागे लागू नका, गाइडशी बोला.

निघालो तेव्हा जहाजाच्या घड्याळात एक म्हणजे तिथले भर बारा. ऊन डोक्यावर म्हणतात ते अगदी शब्दशः: पायाखाली बुटाबाहेर सावली जवळपास नव्हतीच. चिचेन इत्झाचा आणि अकोल्याचा अक्षांश जवळजवळ एकच, २०.७च्या आसपास. दोन्हीकडे शून्य सावलीचे दिवस मेच्या अखेरच्या आठवड्याच्या तोंडाशी आणि जुलैच्या १९-२० तारखेला येतात. आम्ही त्याच्या दोनच दिवस आधी तिथे उभे होतो. अकोल्यात जुलैत ढग असल्याने तो दिसत नाही, मेमध्ये लोक डबे-बाटल्या मांडून बघतात. अकोल्याचं ऊन अंगवळणी पडलेलं असूनही आईने छत्री मिटली नाही. छत्री न्याच, टोपीपेक्षा ती बरी. अंगभर सुती कपडे, माणशी निदान दीड लिटर पाणी आणि एक-एक डॉलरच्या सुट्या नोटाही. शिट्टी पाच डॉलरपासून सुरू झाली, तीनला मिळाली. गाइड आणि ड्रायव्हरला टिप वेगळी, ती पाकिटात आधीच काढून ठेवली होती.

परतताना मेरिदाच्या बाहेर रस्त्याचं काम निघालं आणि बस पंचवीस मिनिटं जागच्या जागी. जहाज थांबणार हे माहीत असूनही मी दर दोन मिनिटांनी बाबांचं घड्याळ बघत होते. डब्यात चीज सँडविच, केळं आणि बिस्किटं होती. ते केळं बसमध्येच संपवा, ताजी फळं जहाजावर परत नेऊ देत नाहीत. साडेतीनच्या पुढे धक्क्यावर पोचलो. जहाजावर चढताना सामान पुन्हा यंत्रातून जातं. आमच्या पुढच्या माणसाची ऑब्सिडियनची (काळ्या ज्वालामुखी काचेची) सुरी तिथे काढून घेतली. शिट्टी सुटली आणि पुढचे दोन दिवस ती आमच्या केबिनमध्ये गुरगुरत होती.

शनिवारी, १९ जुलैला सकाळी गॅल्व्हेस्टन. अमेरिकन पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवाले कॅमेऱ्यासमोरून मिनिटाभरात बाहेर. आई-बाबांना टेबलावर पाठवलं. अधिकाऱ्याने कुठे गेला होतात, भारतात परत कधी जाणार, एवढंच विचारलं. मला त्यांच्यासोबत उभं राहू दिलं. घरी आल्यावर दोघांची आय-९४ संकेतस्थळावर पुन्हा काढून पाहिली. मुक्कामाची शेवटची तारीख पूर्वीचीच होती. तुम्हीही हे त्याच आठवड्यात बघून घ्या, तारीख वेगळी दिसली तर विमानाचं तिकीट तिच्याशी जुळतंय ना हे तपासावं लागेल. बाबांचे गुडघे दोन दिवस दुखले, आईची साखर ठीक राहिली, आणि केबिनच्या बिलात त्या सहलीचे पैसे चुकून दोनदा लागले होते ते फोन केल्यावर आठवड्याभरात परत आले.